मार्स्टालचा दगडी बांध

एरो बेटावर मी पहिल्यांदा गेले ती एका लग्नाला. कॉलेजातला मित्र, मूळचा साताऱ्याचा, आता हॅम्बुर्गला नोकरी करतो, आणि त्याची बायको ब्राझीलची. जर्मनीत दोन वेगळ्या देशांच्या माणसांना लग्न करायचं म्हणजे कागदपत्रांचा डोंगर, त्यामुळे अशी जोडपी सरळ डेन्मार्कला येतात, आणि त्यातही या छोट्याशा बेटावर. दरवर्षी हजारो लग्नं लागतात तिथे. मी ओडेन्सला राहते, म्हणजे त्यातल्या त्यात जवळ, म्हणून वधूवरांच्या बाजूने हजर राहायला आम्ही चौघंपाचजण गेलो. स्वेनबॉर्गहून फेरी सुटते आणि सव्वा तासात एरोस्कोबिंगला पोचते. छान गुळगुळीत दगडांचे रस्ते, रंगीत बुटकी घरं, दारात गुलाबी होलीहॉकची उंच फुलझाडं. लग्न झालं, फोटो झाले, केक झाला.

दुसऱ्या दिवशी सगळे झोपलेले होते आणि मला जाग आली होती, तर मी स्टॉपवर उभी असलेल्या बसमध्ये चढले. बेटावरची बस फुकट आहे, कुठेही चढा कुठेही उतरा. बेट जेमतेम तीस किलोमीटर लांब. बस शेवटपर्यंत गेली, शेवटी एक गाव आलं, ड्रायव्हरने मागे बघितलं, मी उतरले. ते मार्स्टाल.

आणि उतरल्या उतरल्या जो वास आला ना, तो मला ओळखीचा होता. डांबर, रंग, डिझेल, ओला दोर, सुकलेलं शेवाळ. माझं माहेर रत्नागिरीच्या बाजूचं आणि बाबा बत्तीस वर्षं बोटीवर होते. मालवाहू जहाजांवर, इंजिनरूममध्ये. आमच्याकडे "ते कुठे असतात" या प्रश्नाचं उत्तर "बोटीवर" एवढंच असायचं, पुढे देशाचं नाव कोणी विचारत नव्हतं कारण ते दर पंधरा दिवसांनी बदलायचं. बाबा साइन ऑफ होऊन घरी यायचे तेव्हा त्यांच्या बॅगेला हाच वास असायचा. डेन्मार्कच्या टोकाला एका अनोळखी गावात तो वास नाकात शिरला आणि मी तिथे बंदरावर तशीच उभी राहिले, किती वेळ ते आठवत नाही.

त्यानंतर पाच वर्षांत मी मार्स्टालला सात वेळा गेले. जे वाचायला मिळालं ते वाचलं, म्युझियममधल्या लोकांना प्रश्न विचारून भंडावलं, माझ्या तोडक्यामोडक्या डॅनिशमध्ये.

तर आधी त्या बांधाबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं असं मला वाटतं.

मार्स्टालच्या बंदरापुढे समुद्रात एक दगडी बांध आहे, सुमारे एक किलोमीटर लांब. आपल्याकडे किनाऱ्यावर धूप थांबवायला सरकार दगड टाकतं ना, तसाच दिसतो लांबून. पण हा १८२५ साली सुरू झाला आणि गावातल्या लोकांनी स्वतः बांधला. कंत्राटदार नाही, राजाचा इंजिनिअर नाही. गावाने एकत्र बसून ठरवलं, करारावर सह्या केल्या, आणि पुढची पंधराएक वर्षं काम चालू ठेवलं.

गरज काय होती ते तिथे उभं राहिलं की कळतं. गाव बेटाच्या पूर्व टोकाला आहे, समोर उथळ पाणी, वाळूच्या पट्ट्या, छोटी छोटी निर्जन बेटं. दिसायला शांत. पण हिवाळ्यात वादळ आलं की नांगरून ठेवलेली गलबतं एकमेकांवर आपटायची, आणि त्यात वाहत येणारा बर्फ, तो लाकडाला कापत जातो. वर्षभर समुद्रावर फिरून सुखरूप आलेलं गलबत घराच्या दारात फुटायचं. डेन्मार्कची अवस्था तेव्हा वाईट होती, नेपोलियनच्या काळातल्या युद्धात चुकीच्या बाजूला राहिल्याने १८१३ ला सरकारचं दिवाळं निघालं होतं आणि १८१४ ला अख्खा नॉर्वे हातातून गेला होता. अशा राज्याकडे एका खेड्याने बंदर मागायचं आणि मिळेपर्यंत थांबायचं, तर गलबतं शिल्लक राहिली नसती.

काम करायचे हिवाळ्यात, कारण हिवाळ्यात खलाशी घरी. शेतातले, किनाऱ्यावरचे मोठमोठे धोंडे जमवायचे, पाणी गोठलं की ते घसरगाड्यांवर घालून बर्फावरून ओढत न्यायचे आणि जागेवर सोडायचे. म्हणजे ज्या थंडीने गलबतं फोडली त्याच थंडीचा रस्ता करून त्यांनी दगड वाहिले. मी जानेवारीत एकदा त्या बांधापाशी गेले होते, दोन थर्मल, वर जाड जॅकेट, तरी दहा मिनिटांत बोटं बधिर झाली. लोकरीचे ओले हातमोजे घालून तिथे दिवसभर दगड ओढणारी माणसं कशी असतील, हे मला आजही नीट डोळ्यासमोर आणता येत नाही.

या गावाकडे तेव्हा शहराचा दर्जासुद्धा नव्हता. बेटावरचं मान्यताप्राप्त बाजाराचं शहर म्हणजे एरोस्कोबिंग, व्यापाराचे हक्क त्यांचे, ती सुंदर घरं त्या हक्कांच्या पैशातून आलेली. मार्स्टाल हे कोपऱ्यातलं खेडं, जमीन थोडी, मग पोरं समुद्रावर जाणार नाहीतर काय करणार. अजून एक गुंतागुंत म्हणजे एरो हे बेट १८६४ पर्यंत डेन्मार्कच्या राज्याचा भागच नव्हतं, ते श्लेस्विग डचीत, म्हणजे ड्यूकच्या वेगळ्या संस्थानात, मोडायचं. डचीही डॅनिश राजाचीच, पण कायदे वेगळे, जकात वेगळी. त्यामुळे समोर दिसणाऱ्या फ्यून किंवा लांगेलान बेटावर माल न्यायचा तर मध्ये जकातीची सीमा, आणि जिथे अशी सीमा असते तिथे रात्रीच्या होड्या असतातच, चोरटा व्यापार इथे भरपूर चालायचा. १८६४ च्या युद्धात डेन्मार्क हरला, श्लेस्विग गेलं, पण ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाला तह झाला त्यात जमिनीच्या देवाणघेवाणीत एरो डेन्मार्कला मिळालं. राजाने श्लेस्विगमधल्या आपल्या काही तुकड्यांवर पाणी सोडलं, बदल्यात हे बेट. नकाशावर अशी अदलाबदल झाली तेव्हा मार्स्टालचे निम्मे पुरुष बहुतेक कुठल्यातरी परक्या बंदरात असतील आणि आपण कुठल्या देशाचे झालो ते त्यांना पत्रातून कळलं असेल, असं मला उगाच वाटत राहतं.

बांध झाला आणि गाव जे वाढलं, ते वाचताना मी थक्क झाले. १८९० च्या दशकात मार्स्टालच्या नावावर तीनशेपेक्षा जास्त जहाजं होती. संख्येत बघितलं तर डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या खालोखाल. काही हजार वस्तीचं गाव! हिवाळ्यात ही गलबतं घरी यायची आणि बांधाच्या आत एकमेकांना चिकटून उभी राहायची. म्युझियममध्ये तेव्हाचे फोटो आहेत, डोलकाठ्यांची इतकी दाटी की मागचं पाणी दिसत नाही.

एवढी जहाजं घ्यायला पैसा कुठून आला? इथे पण तीच गोष्ट. एक मोठा शेठ आणि त्याचा ताफा असं मार्स्टालला फारसं नव्हतं. जहाज पातीने घ्यायचे. आपल्याकडे कोकणात मच्छीमारांमध्ये पाती हा शब्द आहे ना, होडीत, जाळ्यात ज्याची जितकी पाती तितका त्याचा वाटा, अगदी तसंच. कॅप्टनची पाती मोठी, मग त्याचा भाऊ, सासरा, जहाज बांधणारा सुतार, शीड शिवणारा, दुकानदार, शेतकरी, कोणी विधवा बाई जिने नवऱ्याच्या मागे राहिलेले पैसे घातले. वेगवेगळ्या जहाजांत थोडं थोडं घालायचं, म्हणजे एक बुडालं तरी सगळं बुडणार नाही. फायदा वाटून, तोटा पण वाटून. संध्याकाळी बंदरावर उभं राहून माणूस म्हणत असेल, ते तिकडचं तिसरं, त्यात माझा शंभरातला एक भाग आहे.

सुरुवातीला ही गलबतं बाल्टिकच्या बाजूला आणि नॉर्वेला धान्य वगैरे न्यायची. पण मार्स्टालचं नाव खरं झालं ते न्यूफाउंडलंडच्या प्रवासांमुळे. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर, तिथे कॉड मासा धरून मीठ लावून वाळवायचे, आणि तो खपायचा स्पेन, पोर्तुगाल, इटलीत, कारण कॅथलिक लोक उपासाच्या दिवसांत मांस खात नाहीत, मासा चालतो. गोव्यातल्या लोकांना बाकालाव माहीत असेल, तोच हा. हा मासा न्यायला मोठी वाफेची जहाजं उपयोगाची नव्हती, कारण न्यूफाउंडलंडची मासेमारी गावं म्हणजे खडकातल्या चिंचोळ्या खाड्या, तिथे लहान गलबतच शिरणार, आणि पलीकडच्या बंदरातही एकदम प्रचंड माल ओतला तर भाव पडणार. म्हणून जगात सगळीकडे वाफेची जहाजं आली तरी मार्स्टालच्या तीन डोलकाठ्यांच्या शिडाच्या स्कूनर या एका धंद्यात पहिल्या महायुद्धानंतरही टिकून राहिल्या. जाताना स्पेन-पोर्तुगालहून मीठ, येताना मासा.

स्कूनरवर माणसं किती, तर पाच किंवा सहा. कॅप्टन, मेट म्हणजे त्याच्या खालचा अधिकारी, दोनतीन खलाशी आणि एक पोरगा. हा पोरगा चौदापंधरा वर्षांचा, चर्चमध्ये कन्फर्मेशन, म्हणजे वयात येताना श्रद्धा पक्की करण्याचा विधी, झालं की पुढच्या वसंतात बोटीवर, आणि पहिलं काम स्वयंपाक. उत्तर अटलांटिकमध्ये, शरदात नाहीतर ऐन हिवाळ्यात, जिथे लाटेचं पाणी दोरखंडांवर पडून तिथेच गोठतं आणि बर्फाच्या वजनाने जहाज कलंडू नये म्हणून रात्रंदिवस कुऱ्हाडीने बर्फ फोडत बसावं लागतं, तिथे हा पोरगा सहा माणसांचं जेवण शिजवतोय. माझा भाऊ चौदाव्या वर्षी सायकल पंक्चर झाली म्हणून रडत घरी आला होता. मी त्या पोरांचा विचार करते तेव्हा मला अभिमानबिभिमान वाटत नाही, मला वाईट वाटतं, आणि त्यांच्या आयांचा विचार आला तर जास्त.

कारण गाव बायकांचं होतं. वसंतात गलबतं गेली की मागे राहायच्या बायका, म्हातारे आणि लहान मुलं. घर, पैसा, आजारपण, मुलांची शाळा, छप्पर गळलं तर ते, सगळं बाईने बघायचं, आणि न्यूफाउंडलंडच्या बोटींवर गेलेला माणूस तर कधी कधी दोन दोन वर्षं यायचा नाही. इथल्या घरांच्या खिडक्यांमध्ये चिनी मातीच्या कुत्र्यांच्या जोड्या दिसतात, इंग्लंडहून खलाशांनी आणलेल्या. म्हणतात की नवरा समुद्रावर असेल तर कुत्र्यांची तोंडं बाहेर, आणि घरी आला की आत फिरवायची. हे कितपत पाळायचे कोण जाणे, पण ते ऐकलं तेव्हा मला आईचं कॅलेंडर आठवलं. स्वयंपाकघराच्या दारामागे लटकवलेलं महालक्ष्मीचं कॅलेंडर, त्यावर ती बाबांच्या साइन ऑनच्या तारखेला पेन्सिलने एक टिंब द्यायची. फक्त टिंब. परत यायची तारीख कधी लिहायची नाही, विचारलं तर म्हणायची, लिहू नये.

मार्स्टालच्या चर्चमध्ये गेलात तर वर बघा. छताला जहाजं टांगलेली आहेत, लाकडी, हुबेहूब, सगळ्या शिडांसकट. डेन्मार्कच्या बऱ्याच चर्चमध्ये एखादं असतं, इथे बरीच आहेत. वेदीवरचं चित्र कार्ल रासमुसेनचं आहे, १८८१ सालचं. हा चित्रकार जन्मला एरोस्कोबिंगला, घर केलं मार्स्टालला, आणि १८७० मध्ये ग्रीनलंडला जाऊन तिथली चित्रं काढणाऱ्या पहिल्या डॅनिश चित्रकारांपैकी एक. चित्रात येशू गालीलच्या समुद्रात उसळलेलं वादळ शांत करतोय, आणि होडीत घाबरून बसलेल्या शिष्यांचे चेहरे मार्स्टालच्या खलाशांचे आहेत, त्याने गावातलीच माणसं समोर बसवून काढले. विचार करा, रविवारी प्रार्थनेला बसलेली बाई समोर बघते तर वादळातल्या होडीत शेजारचा बसलाय. स्वतः रासमुसेन १८९३ मध्ये ग्रीनलंडहून परत येताना जहाजावरून समुद्रात पडून वारला.

जुन्या थडग्यांत एक आहे त्यावर कोरलंय की अमुक इथे बायकोसोबत नांगर टाकून आहे, देवासमोर उभं राहायची वेळ येईपर्यंत तो नांगर उचलणार नाही. मी ते डॅनिशमध्ये अक्षर अक्षर लावत वाचलं. ज्या माणसाने आयुष्यभर बायकोला मागे ठेवून नांगर उचलला त्याच्या थडग्यावर हे वाक्य. ते नशीबवान, कारण त्यांना थडगं तरी मिळालं. कितीतरी नावांना खाली माणूसच नाही. पहिल्या महायुद्धात डेन्मार्क तटस्थ होता, पण सुरुंगाला आणि पाणबुडीला झेंडा कळत नाही, मार्स्टालची कितीतरी जहाजं त्या चार वर्षांत गेली आणि त्यांच्यावरची माणसं गेली. आणि पाती गावभर वाटलेली, त्यामुळे एक जहाज गेलं की एका घरात माणूस गेलेला आणि वीस घरांत पैसा गेलेला.

त्यानंतर शिडांचे दिवस संपत आले. न्यूफाउंडलंडचा धंदा विशी-तिशीच्या दशकांत आटला, मग मोटरवर चालणारे छोटे कोस्टर, म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणारी जहाजं, आले, तेही काही वर्षं चांगले चालले. त्या काळाबद्दल मला फार ओढ नाही, म्हणून पुढे जाते. पण स्कूनर अगदीच संपल्या नाहीत. बोनाव्हिस्टा नावाची एक, १९१४ ला इथेच बांधलेली, नाव न्यूफाउंडलंडच्या एका गावावरून ठेवलेलं, ती आता डॅनिश नॅशनल म्युझियमकडे आहे आणि तिची दुरुस्ती मार्स्टालमध्येच झाली. तिच्याजवळ उभं राहिलं की धक्का बसतो तो आकाराचा. इतकी लहान? याच्यातून अटलांटिक?

गावातलं नेव्हिगेशन स्कूल १८६३ पासून आहे आणि अजून चालू आहे, आजही तिथून जहाजांचे अधिकारी तयार होतात. म्युझियम १९२९ चं, आत जहाजांचे इतके नमुने, आणि खलाशांनी जगभरातून आणलेल्या वस्तू, शंख, भाले, चहाचे डबे, काय काय. पोपटसुद्धा असावा कुठेतरी पेंढा भरलेला असं वाटावं अशी ती घरं, एकातून दुसऱ्यात शिरत जायचं.

मला सगळ्यात आवडलं ते मात्र गावाच्या बाहेर आहे. शेतात सोलर पॅनल, पण विजेचे नाहीत, पाणी तापवायचे. मार्स्टालला जवळपास सगळ्या घरांना एका ठिकाणाहून गरम पाणी पाइपने जातं, आणि ती संस्था गावातल्या ग्राहकांच्याच मालकीची आहे. १९९६ मध्ये त्यांनी आठ हजार चौरस मीटर पॅनल लावले, आज तेहतीस हजार चौरस मीटरच्या वर आहेत. उन्हाळ्यात तापलेलं पाणी जमिनीतल्या एका प्रचंड खड्ड्यात साठवतात, पंचाहत्तर हजार घनमीटरचा खड्डा, वर जाड झाकण, आणि हिवाळ्यात तेच पाणी घरं गरम करतं. वर्षाची साधारण निम्मी उष्णता उन्हाची. ज्या गावाने बर्फावरून दगड ओढले त्यांनी पुढे उन्हाळा खड्ड्यात भरून ठेवायला शिकून घेतलं!

आणि फेरीचं ऐका. मार्स्टालहून समोरच्या लांगेलान बेटावर रुडकोबिंगला जाणारी जुनी फेरी २०१३ ला बंद झाली, खर्च परवडत नाही म्हणून. बंदराचं गाव आणि त्याच्या बंदरातून फेरीच नाही, हे लोकांच्या फार जिव्हारी लागलं. मग बेटावरच्या लोकांनी आणि व्यावसायिकांनी स्वतः पैसे घातले आणि २०१९ च्या शेवटी स्वतःची फेरी सुरू केली. परत पाती. त्याच वर्षी बेटाच्या दुसऱ्या टोकाला सोबीहून एलन नावाची पूर्ण विजेवर चालणारी फेरी सुरू झाली, ती नंतर एका चार्जवर ब्याण्णव किलोमीटर गेली, ती पण सोबीच्याच गोदीत पूर्ण झाली होती. मार्स्टालच्या त्या फेरीत एकदा माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, मी म्हटलं की फेरी छान आहे, तर त्या म्हणाल्या, "हो, थोडीशी माझी आहे." मोठेपणा नव्हता त्यात, जसं आपण म्हणतो ना, त्या चपला माझ्या आहेत, तसं.

मे महिन्यात गेले तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉल लावला. गुडघ्यांमुळे ते आता फार फिरत नाहीत, गावीच असतात, सकाळी पायरीवर बसतात. मी लहान होडी घेऊन बांधाच्या जवळ गेले होते, एका ओळखीच्या काकांनी सोडलं. बाबांना सगळं सांगायला लागले, १८२५, दगड, बर्फ, घसरगाड्या. त्यांनी मला मध्येच थांबवलं. सिमेंट कुठे दिसत नाही, नुसते रचलेत का? हो म्हटलं. पाणी किती आहे तिथे? मी काकांना विचारून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं नेट गेलं.

मग म्हणाले, "दोनशे वर्षं नुसते रचलेले राहिलेत म्हणजे बसवणाऱ्याला लाट कुठून येते ते पक्कं माहीत होतं. फोन जरा डावीकडे फिरव, बाहेरची बाजू बघू दे."

मी फोन फिरवला आणि ते बघत बसले, मागे आईचा आवाज येत होता, चहा थंड होतोय म्हणून.